बादशाची गाठ

"काका, बादशाच्या बरगडीला गाठ हाय," तनुजा म्हणाली आणि शेषेराव तिच्यावरच भडकले.

"अभ्यास सोडून तू कुत्र्याच्या बरगड्या मोजायलीस का?"

तनुजा मुखेडची. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसायचं म्हणून लातुरात शेषेरावांच्या घरी खोली घेऊन राहिली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात अख्खी गल्ली रस्त्यावर आली तेव्हा शेषेराव हलत्या जमिनीलाच शिव्या देत उभे होते, असं लोक सांगत. बादशा मात्र त्यांचा जीव की प्राण. गाठ हाताला लागली तेव्हा त्यांना आणखीच राग आला.

"कशाची असंल?"

"चार पर्याय हायत, काका. चरबी, पू, कॅन्सर…"

"अन् चौथा?"

"वरीलपैकी सर्व."

"हेच शिकवायलेत व्हय क्लासमधी? उद्या माणसं मारताल!"

"गुरांच्या दवाखान्यात न्या की," त्यांची बायको धोंडाबाई म्हणाली.

"डॉक्टर आधी सुरीच काढतो. न्हाई न्यायचं!"

धोंडाबाई बाजाराला जाताच शेषेरावांनी बिब्बा दिव्यावर तापवला आणि त्याचं तेल बोटाने गाठीवर अन् आजूबाजूला फासलं. त्यांचे वडील बैलाची सूज अशीच उतरवायचे. बैल काय तक्रार करणार?

दुसऱ्या दिवशी एकाच्या पाच गाठी झाल्या.

"पसरली, काका," तनुजा रडकुंडीला आली.

"तुझीच जीभ काळी!"

शेषेरावांनी बादशाला उचललं आणि धोंडाबाईला घेऊन रिक्षा गाठली. रिक्षा हळू चालते म्हणून ते रिक्षावाल्यावर ओरडले, मग जोरात चालते म्हणून ओरडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठीत सुई घालून थोडं काढलं आणि तपासून आले. "चरबीची गाठ आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांना येते. वाढली तर दाखवा, एरवी हात लावू नका."

"म्हंजे जगंल?"

"जगेल की."

शेषेरावांचे डोळे भरून आले. कुणाला दिसू नयेत म्हणून ते भिंतीकडे बघत खेकसले, "मग बाकीच्या गाठी कशाच्या?"

"त्या गाठी नाहीत, भाजल्याचे फोड आहेत. बिब्बा कुठल्या गाढवाने लावला?"

"सोडत न्हाई मी त्याला!" शेषेरावांनी तावातावाने हात उगारला, आणि बोटाला गुंडाळलेली चिंधी सुटून खाली पडली. हे बोट दारात चेमटलं, असं त्यांनी सकाळीच घरात सांगितलं होतं. बोट काळंनिळं होऊन फोडांनी टम्म फुगलं होतं.

धोंडाबाईने बोट पाहिलं. मग बादशाची बरगडी पाहिली.

"डॉक्टरसाब, बादशाला उतरवा अन् ह्यांना टेबलावर घ्या," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलली. पसरलीया."