ओ, काय रे

कलशेट्टी सर शाळेत भेटेल त्याला कमरेतून वाकून नमस्कार करतात. मुख्याध्यापकांना, शिपाईमामांना, आणि एकदा फाटकातून आत शिरलेल्या म्हशीलाही. मी नुसती मान हलवून पुढे जाते; पर्यवेक्षिकेला कामं असतात.

सर शिकवतात इतिहास-भूगोल. शनिवारी शेवटच्या तासाला मात्र आठवीला जपान शिकवतात. स्वतः कधी गेलेले नाहीत. "सूर्यावर तरी कोण गेलंय, मॅडम? विज्ञानात शिकवताच की."

जपानात मुलं आपला वर्ग आपण झाडतात, म्हणून आमची आठवीही झाडते. एक पालक तावातावाने आले. "पोरगं शिकाय धाडलंय का झाडाय?" सरांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातात दुसरा झाडू दिला. गृहस्थ व्हरांडा झाडून गेले.

सरांचा खरा जीव दोन शब्दांत. तिकडे घरी आलेला माणूस दारातच 'तादाइमा' म्हणतो. म्हणजे, आलो बरं का. घरातल्यांनी 'ओकाएरी' म्हणायचं. म्हणजे, आलास, ये. याचा सराव म्हणून सर वर्गात शिरताना 'तादाइमा' म्हणतात आणि अख्खा वर्ग ओरडतो, "ओ, काय रे!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी प्रयोगशाळेतून तडक तिथे गेले. पोरं शिक्षकाला अरे-तुरे करतात म्हणजे काय?

"ओकाएरी म्हणतायत, मॅडम," सर शांतपणे म्हणाले. "शेवटी ई. जीभ वळेल हळूहळू."

अजून वळलेली नाही.

घरीही हे बोलायचं, असा गृहपाठ होता. एका मुलाची आजी अक्कलकोटकडची. कन्नडमध्ये 'ता' म्हणजे आण. नातू दारातूनच 'ता' म्हणतोय, म्हणजे भूक लागली असणार, म्हणून ती रोज शेंगाची पोळी पुढे आणायची. नातवाने महिनाभर खुलासा केला नाही. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. "आजी उत्तर देत होती की," म्हणाले.

यंदा शिष्यवृत्तीच्या सरावाला तास हवा होता. वेळापत्रकात काढण्यासारखा एकच होता, जपानचा. चारचौघांत सांगणं बरं नव्हे, म्हणून मी सरांच्या घरी जायचं ठरवलं. त्या संध्याकाळच्या माझ्या यादीत तीन कामं होती: दळण, इस्त्रीचे कपडे, कलशेट्टी सर.

सर दारातच भेटले, हातात भाजीची पिशवी. त्यांनी कुलूप काढलं. चपला काढून, टोकं रस्त्याकडे करून नीट लावल्या. मग अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकत म्हणाले, "तादाइमा."

आणि बटणावर हात ठेवून जरा थांबले.

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, लेक पुण्यात असते, हे मला ठाऊक होतं. शनिवारचा तास सरांनी त्यानंतरच मागून घेतला होता, हे उंबऱ्याबाहेर उभी असताना ध्यानात आलं.

"ओ, काय रे," मी म्हणाले.

सर वळले नाहीत. तसेच म्हणाले, "शेवटी ई, मॅडम." मग दिवा लावला. "या, बसा. काय काम काढलंत?"

"शिष्यवृत्तीचा सराव शाळा भरायच्या आधी घेणार आहे. तेवढंच सांगायला आले होते."

सर कमरेतून वाकले. मग मीही वाकले.