बलबाखाली सारेच गोरे

आमच्या शेजारच्या नलूकाकूंकडे गेलात, तर त्या आधी 'बसा' म्हणणार नाहीत. हनुवटी धरून अंगणातल्या उन्हात नेतील, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतील आणि मग म्हणतील, "हौ, ठीक आहेस. बस आता, चहा ठेवते." नवा माणूस घाबरतो. गॅसवाला तर हल्ली सिलिंडर फाटकाशीच ठेवतो आणि तिथूनच सांगतो, "अम्मा, मैं बिलकुल ठीक हूँ."

काकू बालाघाटला सिंचन खात्याच्या ऑफिसात होत्या. रिटायर झाल्या, काका त्याआधीच गेलेले. घरात एकट्या. दिव्याच्या उजेडात पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. "बलबाखाली सारेच गोरे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा माझी बायको स्वाती त्यांच्याबरोबर साडी घ्यायला गेली. दुकानात साडी निळसर रामा रंगाची दिसत होती. काकू ती उचलून तडक रस्त्यावर, मागून दुकानदार. उन्हात साडी हिरवीगार निघाली.

"भाभीजी, कलर वही है," दुकानदार म्हणाला.

"कलर वही है, भाऊ, उजाला बदल गया. मी साडी नेसून तुमच्या दुकानातच थोडी राहणार आहे?"

बाजारात लाल ताडपत्रीखाली मांडलेले टमाटर त्या कधी घेत नाहीत. "त्या ताडपत्रीखाली तं बटाटाही पिकलेला दिसते," म्हणतात. भाजीवाली दुरून त्या दिसल्या की न सांगता टोपली उन्हात सरकवते.

पुतणीसाठी गोंदियाहून मुलगा पाहायला आला, तेव्हा काकूंनी त्यालाच गच्चीवर नेलं. मुलाच्या आईचं तोंड उतरलं. "आमचा मुलगा सावळाच आहे," ती म्हणाली.

"त्याचा रंग कोण पाहून राह्यलं? मी त्याचे डोळे पाहून राह्यली," काकू म्हणाल्या. लग्न जमलं. जावई अजून येतो तो गच्चीच्या जिन्याकडे एक नजर टाकूनच.

आम्ही हसायचो. मग आमच्याकडे मुलगी झाली.

दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा खोली स्वातीनं हौसेनं सजवलेली होती. पिवळे पडदे, हॉटेलात असतात तसे मंद पिवळे दिवे. सासूबाईंनी वारा लागू नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. जो येई तो म्हणे, "काय सोन्यासारखी कांती आहे." मलाही तसंच वाटत होतं. पोरगी दिवसभर झोपे, दूध प्यायलाही उठेना. "गुणाची आहे," सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. दारातच थांबल्या. "हिले बाहेर आण."

"एवढंसं मूल बाहेर?" सासूबाई म्हणाल्या. "वारा लागेल."

काकूंनी वाद घातला नाही. लाडवाचा डबा माझ्या हातात दिला, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि ओसरीच्या उन्हात जाऊन बसल्या. आम्ही सगळे मागोमाग. काकूंनी तिच्या कपाळावर बोट हलकं दाबलं आणि उचललं. बोटाखालची जागा पांढरी दिसायला हवी होती. ती हळदीसारखी होती. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा. खोलीतल्या पिवळ्या उजेडात तो पिवळेपणा आम्हाला कुणालाच दिसला नव्हता.

"सुधीर, गाडी काढ," काकू मला म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ बरीच वाढली होती. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, म्हणाले. पोरीला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. काकू काचेतून बघत होत्या आणि त्यांना काही ते पटेना.

"हा काय उजेड आहे, बाई? यात तं लिंबूही काळं दिसन."

नर्स हसली. "अम्मा, ये देखने की लाइट नहीं है. यही दवाई है."

काकूंनी पुन्हा काचेतून पाहिलं. मग म्हणाल्या, "उजेड पाहाचा असते, इतकंच मले ठाऊक होतं."

पोरगी दिव्याखाली पाय झाडायला लागली, भुकेनं रडायला लागली. तिचं ते रडणं ऐकून स्वाती हसत होती. दवाखान्याच्या बाकावर मी काकूंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मले झाली होती एक पोरगी," काकू म्हणाल्या. आम्ही इतकी वर्षं शेजारी राहिलो, हे कुणालाच माहीत नव्हतं. "लामत्याले, सासरी. अंधारी खोली, एकच पिवळा बलब. सारे म्हणत, पोरगी सोन्याची आहे. मीही म्हणे. उन्हात नेली तवा उशीर झालता."

"नाव काय होतं?"

"ठेवलंच नोव्हतं. बारसं व्हाचं होतं." त्यांनी पदर सारखा केला. "मनात होतं एक. कोणाले सांगितलं नाही."

महिन्याभरानं आमच्याकडे बारसं झालं. नाव आत्यानं सांगायचं असतं, आणि मला बहीण नाही. स्वाती काकूंना बोलवायला गेली, तर त्या मागे सरल्या. "माह्या हातानं नोको. लोक काय म्हणतीन?"

"तुम्ही नसतात तर पाळणा रिकामा राहिला असता," स्वाती म्हणाली आणि हात धरून त्यांना घेऊन आली.

आम्ही नाव ठरवलं होतं मीरा. काकू पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. दोन अक्षरांचं नाव, त्याला वेळ तो किती लागणार? पण काकू सांगतच राहिल्या. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. स्वातीनं पाळण्याची दोरी घट्ट धरून ठेवली आणि त्यांचं सांगून होईपर्यंत पाळणा हलू दिला नाही.