भिकाचं बारसं आणि माझी परदेशवारी

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पोस्टमनने ओटीवर पत्र टाकलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. वेळ इतकी पक्की ठाऊक असायचं कारण म्हणजे माझ्या तान्ह्या कमळीला तीन-तीन तासांनी पाजायचं असं नर्सबाईंनी सांगितलं होतं, आणि मी घड्याळाकडे डोळे लावूनच बसलेली असायचे. (पाच मिनिटं उशीर झाला तर पोर वाळेल आणि पाच मिनिटं लवकर झालं तर फुटेल, अशी माझी समजूत होती. मी सातवी पास आहे, पण सातवीपर्यंत हे शिकवत नाहीत.)

पत्र माझ्या भावाचं, नारूचं. तो दमणला होड्या बांधायच्या कामावर लागला आणि तिथलीच बायको करून राहिला. ही गोष्ट एकोणीसशे त्रेपन्नची. तेव्हा दमण फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं होतं. आमच्या धाकट्या डहाणूहून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढं लांब, पण परदेश!

नारूने लिहिलं होतं, 'मुलगा झाला. रविवारी दिवेलागणीच्या आत पाळण्यात घालायचा आहे. आत्या तू. तू वेळेवर आली नाहीस तर सासूबाईंची बहीण नाव ठेवणार आहे. त्यांनी नवीनचंद्र काढून ठेवलंय. येताना आपल्याकडचे बोंबील आण.'

नवीनचंद्र! आमच्या घरात! आमचे बाबा, भिका नाव त्यांचं, जाऊन दीड वर्ष झालं होतं. जाताना नारू जवळ नव्हता. मीच होते. 'नारूला मुलगा झाला तर बघ,' एवढंच म्हणाले. काय बघ, ते बोलायला त्यांच्यात जोर नव्हता, पण मला कळलं होतं, नातवाला त्यांचं नाव ठेवायचं. नारूच्या लग्नाला मी जाऊ शकले नव्हते, कारण कमळीच्या वेळी मला दिवस गेले होते आणि उठवत नव्हतं. तेव्हा 'मुलाच्या घरचं सख्खं माणूसच आलं नाही' असं त्याची सासू बोलल्याचं माझ्या कानावर आलं होतं. त्यामुळे या खेपेला दर्यात भिंत उभी राहिली असती तरी मी जाणार होते.

प्रश्न एवढाच, की कोणाबरोबर?

आमचे हे, म्हणजे सदानंद, चिकूच्या वखारीत कारकून. रविवारी त्यांना वॅगन भरून द्यायची होती. यांच्या चंद्रावतीकाकू त्याच रविवारी स्वतःसकट चौदा बायकांची टोळी घेऊन दमण बघायला निघाल्या होत्या. गाडीभाडं, टांगा, चहा सगळं मिळून माणशी दोन रुपये. दुसरीकडे गल्लीतले हिरूभाऊ. ते जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते, फिरंगी भाषा जाणतात असं सगळे म्हणत. ते एकट्या माणसाला घरापासून दारापर्यंत नेऊन पोचवायचे. पण सात रुपये, शिवाय त्यांचं भाडं वेगळं.

"काकूंबरोबर जाते," मी म्हटलं. "पाच रुपयांत कमळीचं अंगडं येईल."

"मालू, परमुलुखात जायचंय," हे चष्मा पुसत म्हणाले. "टोळीत कोण कोणाकडे बघतं? वाटाड्या कसा, फक्त आपला असतो. पोर आहे बरोबर."

'पोर आहे बरोबर' म्हटलं की मी काहीही कबूल करते, हे यांना चांगलं ठाऊक आहे.

चंद्रावतीकाकूंना कळलं तेव्हा त्या ओटीवर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमच्यात यायला लाज वाटते का गो? कारकुनाची बायको झालीस म्हणून वाटाड्या पायजे तुला? गवर्नराच्या घरी जातेस का जेवायला?"

"तसं नाही काकू, पोर लहान आहे..."

"आमची पोरं काय मोठीच जन्मली?"

रविवारी पहाटे हिरूभाऊंबरोबर निघाले. काखेत कमळी, डोक्यावर बोंबलांची पाटी, खांद्याच्या पिशवीत बारा दुपटी, पोटदुखीचं औषध आणि डहाणूचं पाणी उकळून, गार करून भरलेल्या तीन बाटल्या. (फिरंगी पाणी पोटाला कसं लागेल, कोण जाणे!) आगगाडीने वापीला उतरून टांग्याने सरहद्दीच्या नाक्यावर पोचलो. आपल्या बाजूच्या पोलिसाने बाटलीचं बूच काढून हुंगलं, चाखलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला घाम फुटला.

"बाई, दारूबंदी झाल्यापासून मी इथे उभा आहे. लोक तिकडून इकडे दारू आणतात. इकडून तिकडे पाणी नेणारी तुम्हीच पहिली."

पलीकडच्या चौकीवर हिरूभाऊंनी छाती काढून फिरंगी भाषेत काहीतरी मोठ्याने म्हटलं. मला धन्य वाटलं. सात रुपये तिथेच वसूल झाले. शिपायाने हसून गुजरातीत उत्तर दिलं, "काका, आज तो वहेला आव्या!" म्हणजे आज लवकर आलात! माणूस रोज येणारा असल्याशिवाय त्याला असं कोणी म्हणत नाही, हे मला समजायला हवं होतं. पण मी तेव्हा कमळीला ऊन लागतंय का ते बघत होते.

गावात शिरल्यावर एका हिरव्या पडद्याच्या दारापाशी हिरूभाऊ थांबले. "वयनी, तुम्ही या झाडाखाली बसा. मी पुढचा टांगा ठरवून येतो. पाच मिनिटं."

पडदा हलला आणि हिरूभाऊ परदेशात विलीन झाले.

अर्ध्या तासाने मी पडद्याबाहेरून हाक मारली. आतून त्यांचा आवाज आला, पण तो गात होता. फिरंगी येते की नाही देव जाणे, पण त्या मुलुखातला एक रस्ता त्यांना डोळे मिटून येत होता, तो हा. भावाचं घर कुठे, हे मला माहीत नव्हतं. पत्ता लिहिलेला कागद वाटाड्याच्या खिशात, आणि वाटाड्या पडद्यात. झाडाखाली बसून मी एका हाताने कमळीला धरलं होतं, एका हाताने पाटीला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला तिसरा हात नव्हता. बाबांचं नाव माझ्या भरवशावर होतं आणि मी एका दारूच्या गुत्त्यासमोर बसले होते.

तेवढ्यात चौदा बायकांचा गलबला ऐकू आला. मला बघून काकू थबकल्या, मग पडद्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. मला वाटलं आता ऐकवणार. पण त्यांनी कमळीला उचलून खांद्यावर टाकलं.

"चल गो. नारूचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. मी त्याच्या लग्नाला आले होते, तुझ्या बदल्यात. वाटेत पाच मिनिटं बाजार बघू."

पुन्हा पाच मिनिटं! पण तेव्हा कुठे एक वाजला होता.

आता आमच्या मासळीवाल्या बायकांचं सांगते. त्यांना ताजमहालात नेलंत तरी विचारतील, मासळीबाजार कुठे? सगळ्यांच्या डोक्यावर नातेवाइकांसाठी पाट्या होत्याच. बाजारात शिरल्यावर 'मान अवघडली' म्हणून टोळीतल्या शांतीने पाटी खाली ठेवली. पाटी खाली ठेवली की आमच्यातली बाई बसते. बसली की पदर खोचते. आणि पदर खोचलेल्या बाईला कोणी 'काय भाव?' विचारलं तर ती 'हे विकायचं नाही' असं म्हणूच शकत नाही. जन्मात म्हणालेली नाही. दहा मिनिटांत चौदाजणी रांगेने बसून विकत होत्या. परदेश बघायला म्हणून आलेल्या! तिथल्या विकणाऱ्या बाया गुजरातीत शिव्या देत होत्या, आणि आमच्या त्यांना त्याच भाषेत परत करत होत्या.

मी विकत नव्हते. मी कारकुनाची बायको. मी फक्त कमळीला पाजायला बसले होते, पाटी समोर ठेवून.

एक धिप्पाड बाई आली. न विचारता एक बोंबील उचलला, काडकन मोडला, नाकाशी नेला. "डहाणूचे? ओलसर आहेत."

अंगावर कोणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. ओलसर! आमच्या काठ्यांवर चार-चार दिवस उन्हात टांगलेले बोंबील!

"मावशी, हा मोडला तेव्हा आवाज कसा आला? ओल्याला आवाज येतो का? कान घरी ठेवून आलात काय?"

"भाव बोल, तोंड नको वाजवू."

भाव मी बोलले. कसा बोलले, मला कळलंच नाही. ती खाली ओढते, मी वर चढवते. शेवटी बाई दमून म्हणाली, "अगं, जरा बघून सांग. घरी आज बारसं आहे. डहाणूची एक पाहुणी यायचीय, शिकलेली. तिच्याच गावचं तिला वाढलं म्हणजे नाक मुरडणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी तुझ्या डोक्यात उजेड पडायला नको होता? अहो, समोर गिऱ्हाईक गळाला लागलेलं असताना माणसाला डोकं असतं का?

"शिकलेल्या बायकांची फार नाटकं असतात, मावशी," मी म्हटलं. "डोक्यावर घेऊ नका. ही अख्खी पाटी न्या आणि घाला तिच्या घशात!"

"ते मात्र खरं बोललीस!" बाई पहिल्यांदा हसली आणि पाटी रिकामी करून घेऊन गेली.

मग मला चेवच आला. काकू केव्हाच्या चहा प्यायला गेल्या होत्या, त्यांची पाटी पुढे ओढली. "घ्या, कडक बोंबील घ्या!" हा आवाज माझ्यात कुठून आला, मला ठाऊक नाही. मी कधीच बाजारात बसले नव्हते. शांतीची पाटी संपली, मालाच्या शोधात मी चौथ्या पाटीला हात घातला, आणि चर्चची घंटा वाजली. वर पाहिलं तर उन्हं उतरायला लागली होती.

"काकू! बारसं!"

धावत सुटलो. पुढे मी, मागे कमळीला घेऊन काकू, त्यांच्यामागे रिकाम्या पाट्या घेतलेल्या तेरा बायका. दमणच्या लोकांना वाटलं असेल, चढाईच झाली.

नारू दारातच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, वेळ अजून टळली नव्हती. "ताई, किती वाट बघायला लावलीस! या माझ्या सासूबाई, जमनाबाय."

जमनाबायने वळून बघितलं. तिच्या हातात परात होती, परातीत बोंबील. तेवढ्यात चंद्रावतीकाकू आत शिरल्या नि म्हणाल्या, "बोंबील छान आहेत हो. कुठून आणलेत?"

"ही पाहुणी?" जमनाबाय माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "जिच्या घशात घालायचे ती?"

मी पायांकडे बघत उभी राहिले. आता नवीनचंद्रच, असं मनाशी धरून चालले. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी एक काम सांगितलं होतं, आणि मी ते बाजारात विकून आले होते. जमनाबायने परात खाली ठेवली.

"मला वाटलं, शिकलेली म्हणजे पदराने तोंड पुसत बसणारी असेल," ती म्हणाली. "ही तर आपल्यातलीच निघाली. नाव हीच ठेवेल."

मला रडू आलं. तिने बहिणीला पाळण्यापासून बाजूला सारलं, मला बसवलं. बायका बाळाला पाळण्याच्या वरून खालून देऊ लागल्या, "कुणी राम घ्या, कुणी माधव घ्या!" बाळ माझ्या हाती आलं. मी त्याच्या कानाशी वाकले. रिवाजाप्रमाणे आत्याची पाठ बडवायला सगळ्या सरसावल्या, आणि पहिला धपाटा जमनाबायचा. चार तास घशात घोळत होतं तेच, त्या 'घ्या'च्या पाठोपाठ, त्या धपाट्यासरशी खणखणीत बाहेर पडलं:

"घ्या, कडक बोंबील घ्या!"

पाळणा हलायचा थांबला. बाळाने डोळे उघडले, आणि देवाशप्पथ सांगते, ते हसलं.

मी पुढे "भिका, भिका, भिका" असं तीनदा म्हटलं. पण जमनाबायने हात वर केला. "कानात पहिलं पडलं ते पडलं."

सगळ्या हसत होत्या. नारू हसत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग हळूच म्हणाला, "ताई, बाबा किनाऱ्यावर असंच ओरडायचे. हुबेहूब." तेव्हा मला कळलं, बाजारात तो आवाज कोणाचा होता.

परत येताना काकूंच्या टोळीतूनच आले. हिरूभाऊही आले, दोघींच्या खांद्यावरून. यांना मी सांगितलं, वाटाड्या फार चांगला, फक्त आपला असतो, पण त्याला स्वतःचं एक ठिकाण असतं. आणि टोळी स्वस्त असते, पण ती तुम्हाला आपल्यासारखं करून सोडते. यांनी विचारलं, "मग पुढच्या वेळी कोणाबरोबर?" मी म्हटलं, तुमच्याबरोबर. तेव्हापासून हे दर रविवारी वॅगन भरतात.

आता दमण आपल्याच देशात आलं. जायला वाटाड्या नको की नाका नको. पोरगा अकरा वर्षांचा झालाय. शाळेच्या दाखल्यात भिका नारू असं स्वच्छ लिहिलंय, पण गावात त्याला सगळे बोंबल्या म्हणतात. त्याची आजी, आई, शाळेतले मास्तरसुद्धा. गेल्या महिन्यात मी मुद्दाम पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'चि. भिका' असं लिहून त्याला पत्र टाकलं. आठ दिवसांनी परत आलं. वर शेरा होता: या नावाचा इसम येथे राहत नाही.

म्हणून ही विनंती. तुमच्यापैकी कोणी दमणला गेलात, तर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या पोराला एकदा 'भिका' म्हणून हाक मारा. तो ओ देणार नाही, तरीही मारा. आणि तुमच्या ओळखीतलं कोणी जाणार असेल तर त्यांनाही सांगा. फक्त हे त्याच्या आत्याने सांगितलं, असं तिथे बोलू नका. गल्लीतले लगेच बोंबलांचा भाव विचारतात.