उम्म शहाताची जागा

मी फक्त अंगठा दाबला. पुढचं सगळं त्या अंगठ्याने केलं.

ताई गेल्यावर तिचा फोन माझ्या उशाशी राहिला. तो बंद करायला मन होईना. त्या फोनमध्ये 'साखर किती?' या कार्यक्रमाच्या चाहत्यांचा एक गट होता. रोज दुपारी मादाम दुर्रिया टीव्हीवर येते, पाहुण्यासाठी चहा ओतते, "साखर किती?" विचारते आणि मग गोड गोड बोलत त्याच्या आयुष्यातलं सगळं कडू बाहेर काढते. ताईच्या हृदयाची झडप जन्मापासून कुचकामी. डॉक्टर म्हणाले होते जिने चढायचे नाहीत, आणि आम्ही इम्बाबा वस्तीत राहतो पाचव्या मजल्यावर. त्यामुळे खाली जाऊन भाजी आणायचं काम माझं आणि घरात जग आणायचं काम मादाम दुर्रियाचं, अशी आमची वाटणी होती.

गटातल्या बायका दिवसभर लिहायच्या. मला वाचायला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त. (शाळेत एका पोराने माझ्या बहिणीचं नाव सगळ्यांसमोर घेतलं म्हणून मी त्याचा दात पाडला. मग शाळेने मला पाडलं. आमच्या गल्लीत चारचौघांत बहिणीचं नाव घेतलेलं खपत नाही. शिक्षण गेलं तरी चालतं.) 'ती आता नाही' एवढंच गटात कळवायला मी कितीदा तरी बसलो. 'ती' लिहून व्हायचं आणि पुढे बोट सरकायचं नाही. मग मी अंगठ्याचं चित्र दाबायचो. कधी गुलाब. असा सगळा हिवाळा माझी मेलेली बहीण रोज सकाळी सगळ्यांना अंगठा दाखवत होती.

मग एके दिवशी गटाच्या म्होरक्या उम्म हाझिम यांचा आवाज फोनमधून फुटला, "पोरींनो, लागला नंबर! गुरुवारी चित्रण आहे, प्रेक्षकांत आपल्या जागा पक्क्या! उम्म शहाता, तुझी तर पहिल्या रांगेत मागितली मी. येतेस ना?"

उम्म शहाता? म्हणजे शहाताची आई? पण शहाता तर मी! (नाव हसण्यासारखं आहे, ठाऊक आहे. त्याचा अर्थ भीक. नजर लागू नये म्हणून ठेवलेलं.) माझी आई मला जन्म देऊनच गेली. मला वाढवलं ताईने. गटात तिने स्वतःचं नाव काय लावलं होतं, ते मला असं कळलं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं होतं. खरं आहे. पण घरात तिचं नाव बंद झालं होतं. बाबा "ती खोली" म्हणायचे, "ते कपाट" म्हणायचे, नाव म्हणून घ्यायचे नाहीत, आणि मीही नाही. कार्यक्रमाच्या शेवटी मादाम दुर्रिया प्रेक्षकांतल्या एकाचं नाव विचारते आणि चहाचा पेला उंच करून ते मोठ्याने म्हणते. ताई नेहमी म्हणायची, "शहाता, एकदा ती बाई माझं नाव घेऊ दे रे, मग हवं तर झडप बंद पडू दे." झडपेने तोवर थांबायचं सौजन्य दाखवलं नाही. मला वाटलं, निदान ते नाव कानावर तरी पडावं. कुणाच्याही तोंडून.

मी अंगठा दाबला.

गुरुवारी गीझाच्या पुलाखाली गेलो. तिथे एक भल्या मोठ्या बाई हातात त्याहून भला मोठा डबा घेऊन उभ्या होत्या. शेजारी कोट घातलेले एक हडकुळे गृहस्थ, हातात गुलाब.

"तू कोण रे?" बाईंनी विचारलं. आवाज फोनमधलाच, उम्म हाझिम यांचा.

"शहाता."

"अगं बाई! उम्म शहाताचा शहाता!" त्यांनी डबा गृहस्थांच्या हातात कोंबला आणि माझे दोन्ही गाल धरले. "उस्ताझ वदीअ, बघा तरी, हाच तो! आईच्या इस्त्रीने केस सरळ करायला गेला होता तो!"

"ज्याने मांजरीला जुलाबाचं औषध पाजलं?" उस्ताझ वदीअंनी चष्मा वर केला. ते पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून मानाने 'उस्ताझ', आणि गटातले एकमेव पुरुष.

"तोच! आणि नवव्या वर्षापर्यंत गादी..."

"हाज्जा, बास!" मी ओरडलो. पुलाखालचे दोन रिक्षावाले वळून बघत होते.

"लाजतोस काय? आईपासून काय लपतं? सगळं सांगायची ती आम्हाला. बरं, आहे कुठे ती? आणि हल्ली नुसता अंगठा का दाखवते गं बाई? रागावली का माझ्यावर? मी तिच्या भेंडीत लसूण जास्त म्हणाले म्हणून?"

मी तोंड उघडलं. त्यांचे हात अजून माझ्या गालांवर होते, गरम, त्यांना कोबीच्या भरल्या पानांचा वास येत होता. हिवाळाभर कुणी माझा गाल धरला नव्हता.

"गुडघे," मी म्हणालो. "गुडघे दुखतायत. म्हणून मला पाठवलं."

"बिचारी! जाताना तुझ्याबरोबर येते. तिला बघितल्याशिवाय मी घरी जायची नाही."

(घ्या!)

मायक्रोबसमध्ये त्यांनी मला मधे बसवलं आणि शहराबाहेर स्टुडिओ येईपर्यंत भरवत राहिल्या. प्रत्येक घासाबरोबर ताईची एकेक गोष्ट. माझा ताप उतरला त्या रात्री तिने गटाला नऊ वेळा कळवलं होतं. मी रसवंतीत कामाला लागलो तेव्हा तिने लिहिलं होतं, 'माझा मुलगा साखरेच्या व्यवसायात आहे.' (मी ऊस पिळतो.) मी खात होतो, ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, गाडी पोचू नये. आमच्या मायक्रोबस कधी वेळेवर पोचत नाहीत. ही पोचली.

स्टुडिओच्या फाटकापाशी भली मोठी रांग. अर्धे लोक आमच्यासारखे वेडे, अर्धे सँडविचच्या बोलीवर टाळ्या वाजवायला आणलेले कॉलेजचे विद्यार्थी. माणसं आत घ्यायला जाद नावाचा एक लेबनानी तरुण होता. नुकताच बैरुतहून आलेला, केसांना भरपूर तेल, एका कानात यंत्र आणि उरलेला अर्धा कान आमच्यासाठी.

"माझ्या जिवांनो, नाव घेतलं की पुढे यायचं, हसत यायचं!" तो ओरडत होता. आणि मग, वाण्याने हाक मारावी तितक्या सहज, "इन्शिराह! इन्शिराह अब्दुल मौजूद!"

ताईचं नाव, भर उन्हात, दोनशे माणसांत. (यादी फोन नंबरांवरून केलेली, आणि फोन तिच्या खऱ्या नावावर होता.)

"इन्शिराह कुठाय? माझ्या जिवा, कुठाय इन्शिराह?"

आमच्याकडे गेलेल्या माणसाला 'गेला' म्हणायची रीत नाही. कुणी विचारलं, काका कसे आहेत, तर म्हणायचं, "तुम्ही जगा." की समोरच्याने समजायचं. गुडघे, लसूण, अंगठा सगळं मागे पडलं, आणि माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने निघालं की फाटकावरचा पहारेकरी दचकला.

"तुम्ही जगा!"

आणि रीत कुणाला चुकली आहे? अख्ख्या रांगेने सवयीने, एका सुरात उत्तर दिलं, "तुमचंही आयुष्य वाढो!"

जादचे डोळे चमकले. त्याच्या गावी हे असं म्हणत नसावेत. "अरे वा! काय घोषणा आहे! पुन्हा एकदा!"

उम्म हाझिमना मात्र कळलं. त्यांनी छातीवर हात मारला. "इन्शिराह म्हणजे... आपली उम्म शहाता? अरे पोरा! तुझी आई?"

"बहीण," मी म्हणालो. "आई नव्हतीच. तीच होती."

"मग ते अंगठे?"

"मी."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी डबा उघडला, एक भरलं पान काढलं, माझ्या तोंडात घातलं आणि हुंदके द्यायला लागल्या. "गुलाबसुद्धा तूच का रे पाठवायचास? मला वाटायचं, केवढी माया लावते बाई." उस्ताझ वदीअंनी छातीवर क्रूस काढला आणि मादामसाठी आणलेला गुलाब मुकाट्याने माझ्या खिशात खोचला.

"भावना! मला हीच भावना हवी!" असं म्हणत जाद आम्हाला आत घेऊन गेला. पहिल्या रांगेत बसवलं. ताईच्या जागी मी. मग त्याने प्रेक्षकांना शिकवलं: मादाम आल्या की डावीकडच्यांनी म्हणायचं, 'तुम्ही जगा', आणि उजवीकडच्यांनी, 'तुमचंही आयुष्य वाढो'. तीनदा, जीव ओतून.

"भाऊ, हे म्हणजे..." एक विद्यार्थी उठला.

"सँडविच हवंय ना?"

विद्यार्थी बसला.

मी उठून सांगणार होतो, शपथ. पण तेवढ्यात दिवे लागले, गाणं सुरू झालं आणि मादाम दुर्रिया हिरव्या पोशाखात हसत आल्या.

"तुम्ही जगा!" डावी बाजू गरजली.

"तुमचंही आयुष्य वाढो!" उजवी बाजू गंभीर झाली. एका म्हाताऱ्याने तर सवयीने पुढे होऊन त्यांच्याशी सांत्वनाचं हस्तांदोलन केलं.

मादामच्या हातातला चहा सांडला. "कोण?" त्या कुजबुजल्या, पण छातीवर माइक होता, सगळ्यांनी ऐकलं. "कोण गेलं? आई?" त्यांनी पोशाखातून फोन काढला. आईला लावला. माइकमधून पलीकडचा खणखणीत आवाज आला, "दुर्रिया? येताना पाव आण. आणि तो हिरवा झगा घालू नकोस म्हटलं होतं ना, पोट दिसतं!"

मादाम मटकन खुर्चीत बसल्या आणि रडता रडता हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हा आचरटपणा कुणाचा?"

दोनशे बोटं माझ्याकडे वळली. जादचं सगळ्यात आधी.

"इकडे ये बाळा. तुझं कोण गेलं?"

"बहीण."

"देव तिला सुखात ठेवो. नाव काय तिचं?"

झालं! जे ऐकायला आलो ते आता मीच सांगायचं होतं, आणि तेही एवढ्या पुरुषांसमोर, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या इम्बाबासमोर. "उम्म शहाता," मी म्हणालो.

"आणि शहाता कोण?"

"मी."

सभागृह खो खो हसलं. मादाम हसल्या नाहीत. त्यांनी नवा चहा ओतला. "साखर किती?" हळूच विचारलं. ताईने रोज ऐकलेला तो आवाज चार बोटांवरून आला.

"ती तीन चमचे घ्यायची," मी म्हणालो. "डॉक्टर नको म्हणायचे. इन्शिराह. नाव इन्शिराह होतं."

मादामनी पेला उंच केला. "इन्शिराह," त्या म्हणाल्या. अगदी हवं तसं, शेवटचा 'ह' न गिळता. मग सगळ्यांनी गेलेल्यांसाठी म्हणतात ती फातिहा म्हटली. उम्म हाझिम हमसून रडल्या. आणि मी असा रडलो की ऊस पिळताना होतो तसा आवाज झाला.

येताना उम्म हाझिम खरंच माझ्याबरोबर इम्बाबाला आल्या. पाच मजले चढल्या, बाबांसमोर बसल्या, उरलेली पानं त्यांना वाढली, पण त्यांच्यासमोरही बाबांनी नाव घेतलं नाही. "ती फार बोलायची का तुमच्याशी?" एवढंच विचारलं.

प्रसारणाच्या दिवशी मी बाबांना टीव्हीसमोर बसवलं. अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. रसवंतीच्या मालकाने तर गिऱ्हाइकांना थांबवून धरलं होतं. कार्यक्रम सुरू झाला. घोषणा नाही. पेला नाही. फातिहा नाही. सगळं कापलं होतं. पाहुणे होते टकलावर केस उगवून देणारे एक डॉक्टर. ते म्हणाले, "काही तरुणांची मुळं आता कायमची गेली, त्यांना आशाच नाही," आणि पडद्यावर आलो मी. पहिल्या रांगेत, खिशात गुलाब, ढसाढसा रडताना. तेही दोनदा. दुसऱ्यांदा अगदी जवळून.

खाली रसवंतीतून हसण्याची लाट उठली ती पाचव्या मजल्यापर्यंत आली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाबा मात्र खुर्चीतून अर्धे उठले होते. मान आतल्या खोलीकडे वळवून, पूर्वीच्याच दणदणीत आवाजात त्यांनी हाक मारली, "ए इन्शिराह! लवकर ये गं बाहेर! तुझं गाढव टीव्हीवर आलंय!"

हाक आत गेली. आतून कुणी आलं नाही.

बाबा तसेच अर्धे उभे राहिले. मग ते सावकाश बसले आणि म्हणाले, "इन्शिराह असती तर पहिलं काय म्हणाली असती, सांगू?"

"काय?"

"नाक पूस."

मी पुसलं. (हे घरातलं. टीव्हीवरचं अजून तसंच वाहतंय. लोकांना तो डॉक्टर फार आवडला म्हणे, म्हणून दर शुक्रवारी सकाळी तो भाग पुन्हा दाखवतात.)