फोन न करता येणारे टेंबेकाका

मी एका माणसाशी खोटं बोललो. तो माझ्या दारात उभा होता आणि मी घरातच होतो. हल्ली त्यासाठी दाराआड लपावंही लागत नाही. बेलमध्ये कॅमेरा असतो, तो फोनला जोडलेला असतो. स्वयंपाकघरात उभं राहून बोललं, तरी बाहेरच्याला वाटतं की आपण जगाच्या पाठीवर कुठेही असू. मी फोनमध्ये म्हणालो, "अहो काका, आम्ही सगळे बाहेर आलोय." त्या वेळी माझ्या दुसऱ्या हातात चिरलेल्या कोथिंबिरीची वाटी होती.

ते काका म्हणजे टेंबेकाका. त्यांच्याशी खोटं बोलणं म्हणजे काय, हे कळायला आधी ते कोण आहेत ते सांगायला हवं.

टेंबेकाका दर रविवारी दुपारी लोकांची घरं बघायला जातात. विकायला काढलेली घरं. अमेरिकेत घर विकायचं असलं की एखाद्या रविवारी दुपारभर त्याचं दार उघडं ठेवतात. कुणीही यावं, फिरावं, कपाटं उघडून बघावीत. काका इस्त्रीचा शर्ट घालून जातात, दारात बूट काढतात, घर विकणाऱ्या बाईंशी अर्धा तास गप्पा मारतात, मूळ मालक कुठे चाललेत, का चाललेत, मुलं किती, सगळी चौकशी करतात आणि निघताना घरच्या चिवड्याची पुडी देतात. आमच्या नेपरव्हिलमधल्या घर विकणाऱ्या बायका आता त्यांना ओळखतात. एक तर त्यांच्यासाठी बिनअंड्याची बिस्किटं वेगळी ठेवते.

"काका, तुम्हाला घर घ्यायचंय का?" मी एकदा विचारलं होतं.

"छे! आहे त्याच घराचं काय करायचं ते कळत नाहीये."

"मग जाता कशाला?"

"अरे, या देशात दार उघडं आहे, आत दिवे लागलेत, बिस्किटं मांडलीत आणि कुणीतरी आपली वाट बघतंय, असं दुसरं कुठलं घर दाखव मला. तिथे जाईन."

काका मूळचे मिरजेचे. इथल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर इंजिनिअरची नोकरी केली. आता ते निवृत्त आहेत. मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे विमानानं चार तास आणि मीटिंगा धरल्या तर सहा महिने. सुमनकाकू गेल्या. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीची ती गोष्ट, त्यामुळे मी काकूंना पाहिलं नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातले जुने लोक म्हणतात की काकू होत्या तेव्हा काका असे नव्हते. तेव्हा तेही फोन करूनच यायचे.

आता ते न कळवताच येतात. सकाळी, दुपारी, कधीही. बेल वाजते. आमची मुलगी इरा फोनवर कॅमेरा बघते आणि वरच्या मजल्यावरून ओरडते, "बाबा, नो-टेक्स्ट अंकल इज हिअर!"

दार उघडलं की काकांचा एकच शब्द. "सहज."

एकदा ते आले तेव्हा मी डोक्याला रंग लावून बसलो होतो. माझे केस काळे नाहीत हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. काका समोर बसले आणि म्हणाले, "चालू दे, चालू दे. अर्धवट ठेवू नकोस, पट्टे दिसतात." मग रंग वाळेपर्यंत ते थांबले आणि मागच्या बाजूला कुठे राहिलंय ते सांगितलं. दुसऱ्या वेळी माझी बायको मेधा घरून काम करत होती, ऑफिसची मीटिंग चालली होती. काका तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. तिच्या ऑफिसच्या लोकांनीही हात हलवले. पुढच्या मीटिंगला कुणीतरी विचारलं म्हणे, आज अंकल नाहीत का?

चहा विचारला की "अर्धा कप" म्हणतात. अर्धा कप दिला की कपाकडे बघत राहतात. मेधाला ते आता पाठ झालंय. ती विचारते अर्धा आणि देते पूर्ण.

मी त्यांना एकदा समजावलं. म्हटलं, "काका, इथली पद्धत वेगळी आहे. लोकांचे प्लॅन असतात. आधी एक फोन करावा."

"फोन करून, वेळ घेऊन यायला मी काय दात दाखवायला येतोय?"

"तसं नाही, पण दार वाजलं की इथले लोक घाबरतात."

"ते मात्र खरं," काका म्हणाले. "तुमच्या समोरच्या गॅरीकडे पहिल्यांदा गेलो तर दार चार बोटं उघडून म्हणतो, 'एव्हरीथिंग ओके?' म्हटलं, ओके आहे म्हणूनच आलोय. ओके नसतं तर पोलिसांना फोन केला असता. मला या लोकांचं कळत नाही. गाडीतून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून घरात. पुढचं दार फक्त कुरिअरसाठी. वर्षातून एक दिवस, हॅलोविनला, अनोळखी पोरं न सांगता दार वाजवतात, तर त्याचा केवढा सण! म्हणजे भूत होऊन आलं तर चालतं, चॉकलेटसुद्धा मिळतं. शर्ट घालून आलो की एव्हरीथिंग ओके?"

यावर मी हसलो. मंडळात त्यांचे किस्से सांगून मी इतरांनाही हसवलंय. हेही कबूल करायला हवं.

आता त्या शनिवारबद्दल. माझ्या ऑफिसच्या डायरेक्टर जेवायला येणार होत्या. सोबत टीममधली चारसहा माणसं. तारीख महिनाभर आधी ठरलेली, सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाकलेली. माझ्या बढतीचं घोडं बरेच दिवस अडलं होतं आणि मेधा दोन दिवस रांधत होती. पाहुणे नुकतेच बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. फोनवर बघितलं तर काका. हातात डबा.

काका आत आले असते तर काय झालं असतं? त्यांनी डायरेक्टरबाईंना नमस्कार केला असता, मुलं किती विचारलं असतं, अर्धा कप चहा मागितला असता. बस, एवढंच. पण मला त्या क्षणी कसली लाज वाटली कोण जाणे. मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "अहो काका, आम्ही सगळे बाहेर आलोय."

"बरं बरं," काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "सावकाश या."

मी कोथिंबीर घेऊन पाहुण्यांत परतलो. जेवण छान झालं. बाईंनी भरली वांगी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग बघितलं. कशासाठी बघितलं ते सांगता येणार नाही. काका लगेच गेले नव्हते. आमच्या दाराबाहेर एक बाक आहे, मेधानं शोभेसाठी ठेवलेला. त्यावर ते बसले होते, रस्त्याकडे तोंड करून, मांडीवर डबा. पाहुण्यांच्या गाड्या समोर उभ्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये आमच्या हसण्याचे आवाज दाराबाहेर स्वच्छ ऐकू येत होते. काका बराच वेळ बसले. मग उठले आणि डबा घेऊन चालत गेले.

त्यानंतर काका बदलले. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "नितीन, गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं यावं म्हणतो. जमेल का? नसेल तर सांग, संकोच नको."

मला केवढं हायसं वाटलं! मंडळात मी सांगूनही टाकलं की काकांना अखेर वळण लागलं. गुरुवारी इराचा पोहण्याचा क्लास होता, म्हणून शनिवार ठरवला. शनिवारी खूप बर्फ पडला, म्हणून पुढचा आठवडा. पुढच्या आठवड्यात माझीच मीटिंग लांबली. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "काही हरकत नाही, परत बघू." मला तेव्हा एक गोष्ट समजली. दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण आत घेतो. फोनवरच्या माणसाला पुढची तारीख देतो.

मग फोनही बंद झाला.

मी काय केलं? काही नाही. रोज सकाळी गाडी काढताना त्या बाकाकडे बघायचं टाळलं. मेधा म्हणाली, "तू जाऊन सरळ सांग ना त्यांना." रेकॉर्डिंग बघूनही मी म्हटलं, त्यांना कुठे माहीत आहे? ती म्हणाली, "त्यांना माहीत नसेल, पण तुला झोप लागत नाहीये."

बर्फ काढायला एका सकाळी बाहेर आलो तर समोर गॅरीही फावडं घेऊन उभा. हवेबद्दल बोलून झालं. मग तो जरा चाचरत म्हणाला, "तुमचे ते अंकल बरे आहेत ना? बरेच दिवस आले नाहीत. मी त्यांच्यासाठी आल्याचा चहा आणून ठेवलाय." गॅरीची आणि माझी ओळख म्हणजे फावडी आणि हवा. काकांची आणि त्याची ओळख चहापर्यंत गेली होती.

मी फावडं तिथेच ठेवलं आणि निघालो. काकांचं घर आमच्या वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की मी या दाराची बेल आजवर कधीच वाजवलेली नाही.

काकांनी दार उघडलं. अंगात स्वेटर, त्यावर जाकीट, आणि चेहरा घाबरलेला. "काय रे? काय झालं? मेधा बरी आहे ना? इरा?"

"सगळे बरे आहेत. इकडून चाललो होतो," मी म्हटलं. हेही खोटंच. त्यांचं घर कुठल्याच वाटेवर नाही.

"मग आत ये ना! उभा काय?"

घर नीटनेटकं होतं. इतकं, की विकायला काढलंय असं वाटावं. काकांनी चहा टाकला. टाकताना एकदम म्हणाले, "तुला सांगतो, सुमन गेली तेव्हा पहिले काही दिवस इतके डबे आले की फ्रिजमध्ये जागा उरली नाही. माणसं चांगली आहेत रे इथली. सगळे म्हणाले, काका, काही लागलं तर फोन करा. आता मला लागत काहीच नव्हतं. भात मला येतो, गाडी चालवता येते. मग फोन करून सांगायचं काय? काही लागत नाहीये, पण या?" त्यांनी आलं किसलं. "असं आणखी किती घरांत असेल, या विचारानं मी बाहेर पडायला लागलो. म्हटलं, ज्याला फोन करायला कारण सापडत नाही, त्याच्याकडे निदान आपण तरी जाऊ."

मी म्हटलं, "काका, त्या शनिवारी तुम्ही डबा घेऊन आलात ना, तेव्हा आम्ही..."

"घरात होता. माहीत आहे की."

"मग तुम्ही इतका वेळ बाहेर का बसलात? एवढ्या थंडीत?"

काकांना माझा प्रश्न जरा विचित्र वाटला असावा. "अरे, आतून आवाज येत होते ना! ताटं वाजत होती, इरा कुणाशी तरी भांडत होती. भरलेलं घर होतं. बरं वाटलं, बसलो. आणि तो नागपूरकडचा मुलगा कोण रे? छान सांगतो."

"सौरभ. आमच्या टीममधला."

"हां. तो सांगत होता ना, नवीन असताना पोलिसानं गाडी थांबवली, आणि हा आपल्याकडच्यासारखा गाडीतून उतरून सर-सर करत त्याच्याकडे धावत गेला. पुढचं ऐकू आलं नाही, तुम्ही डिशवॉशर लावलात वाटतं. मग पोलिसानं काय केलं?"

मी सांगितलं. पोलीस ओरडला, गाडीत बस, तसा सौरभ घाईघाईनं बसला, पण पोलिसाच्या गाडीत.

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जाकिटाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी हसत नव्हतो.

"काका," मी म्हटलं, "मी तुम्हाला दारातून परत पाठवलं. पाहुण्यांसमोर मला तुमची लाज वाटली, म्हणून. माझं चुकलं. मला माफ करा."