पेट्रोलवाले टोकेकर काका

टोकेकर काकांच्या फ्रीजरमध्ये मटार नसत, बॅटऱ्या असत. टॉर्चचे सेल, रिमोटचे सेल, एका जुन्या मोबाइलची बॅटरी, सगळं एका स्टीलच्या डब्यात. डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर लिहिलेलं, 'खाऊ नये'. काकू जाऊन तीन वर्षं झाली. घरात काका एकटेच राहतात. ही सूचना कुणासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.

एकदा त्यांनी माझा मोबाइलही त्या डब्याशेजारी ठेवला. "अर्धा तास द्या फक्त, प्रोफेसर. थंडीत बॅटरी कशी बेईमान होते ते बघा."

"तुमचा ठेवा की काका."

"माझा नाही जमत. माझा सातला चालू पाहिजे."

अर्ध्या तासानं माझा मोबाइल बाहेर आला तो बंद पडूनच. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला आपला शेवेचा पुडा देऊन टाकला. त्या अर्ध्या तासात बायकोनं मला चार वेळा फोन केला होता. घरी मग काय झालं, ते सांगण्यासारखं नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी इंदूरला आलो आणि शहराबाहेर राऊ गावातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवतो. राहायला पलासिया चौकाच्या मागे, टोकेकर काकांच्या समोरच्या दारात. प्रोफेसर मी नाही, साधा लेक्चरर आहे. पण काकांनी पहिल्याच दिवशी मला बढती देऊन टाकली. "बिजलीवाला माणूस शेजारी आला, बहुत बढिया," असं ते म्हणाले तेव्हा मी खूश झालो होतो. त्यात माझं काय होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

काकांनी सांवेर रोडवर गिअरच्या कारखान्यात फोरमन म्हणून उभी हयात काढली. तिथं शिकलेली एक गोष्ट त्यांनी धर्मासारखी पाळली. मशीन आधी दहा मिनिटं रिकामं चालवायचं, मग कामाला लावायचं. "पहिले गरम होऊ द्या" हे त्यांचं पालुपद. स्कूटर ते रोज सकाळी दहा मिनिटं जागेवर सुरू ठेवतात आणि सगळा धूर आमच्या स्वयंपाकघरात येतो. चहाही ते कपात ओतून तसाच ठेवतात. कारण काय, तर पहिले कप गरम होऊ द्या.

पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. त्यांची एकुलती मुलगी मंजिरी कॅनडात विनिपेगला असते, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी ते विनिपेगचं तापमान सांगत. "आज उणे सव्वीस." आपण पंख्याखाली घाम पुसत असलो तरी तोंड गंभीर करून "अरे बापरे" म्हणणं भाग असे. आणि लगेच पुढचा विषय निघे, की असल्या थंडीत गाडी पेट्रोलचीच पाहिजे, इलेक्ट्रिक म्हणजे शुद्ध वेडेपणा.

हा वाद ते कुणाशीही घालत. चौकातल्या ई-रिक्षावाल्याला अडवून त्यांनी विचारलं, "भिया, बर्फ में कितना चलेगी ये?" तो बिचारा आभाळाकडे बघत म्हणाला, "काका, अपने यां बर्फ तो गोले में गिरता है." पोह्यांच्या दुकानात तर त्यांना बघून इलेक्ट्रिक स्कूटरवाली मंडळी जिलबी तोंडात तशीच ठेवून पांगत. मी ज्या माणसाला मनापासून कंटाळलो होतो, त्याच्यासोबत रोज पोहे खात होतो. काय करणार, ते हाक मारायचे.

दिवाळीत या वेडाला धार आली. मंजिरीनं कळवलं, जुनी पेट्रोलची गाडी आता काढणार आणि इलेक्ट्रिक घेणार. काकांनी झोपच सोडली. वहीची सहा पानं भरून त्यांनी मुद्दे काढले. थंडीत बॅटरीची रेंज घटते. हीटरही त्याच बॅटरीवर चालतो. चार्जिंगला दुप्पट वेळ. रस्त्यात बंद पडली तर पोर गोठून जाईल. खाली माझी सही हवी होती, 'तज्ज्ञ' म्हणून.

मी दोन रात्री वाचलं आणि मग शहाणपणा केला. "काका, रेंज घटते हे खरं. पण विनिपेगमध्ये पेट्रोलची गाडीसुद्धा प्लगला लावतात. इंजिनापाशी हीटर असतो, त्याची वायर पुढून बाहेर काढून रात्रभर भिंतीच्या प्लगमध्ये खुपसतात. नाहीतर सकाळी सुरूच होत नाही."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "पेट्रोलची गाडी, बिजलीच्या प्लगला?"

"हो."

"ये तो धोका है," ते म्हणाले, आणि दोन दिवस पोह्यांना हाक आली नाही.

तिसऱ्या दिवशी आली. रविवारी मंजिरीचा व्हिडिओ कॉल असतो, त्यात मी बसायचं ठरलं. पडद्यावर जावई, नातू, मागे सोफा, सगळं नीटनेटकं. मंजिरी म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा बरं. बाबा तर ऐकूनच घेत नाहीत."

काका माझ्याकडे ज्या आशेनं बघत होते, ते आठवलं की अजून लाज वाटते. मला तेव्हा विद्वत्ता दाखवायची होती. मी म्हणालो, "घरी चार्जिंग आहे, हॉस्पिटल जवळ आहे. रेंज कमी झाली तरी तुम्हाला पुरून उरेल. आणि घरात बसून मोबाइलवरून गाडी आधीच गरम करता येईल. बर्फात उभं राहायला नको."

"बघा बाबा!" मंजिरी म्हणाली.

कॉल संपल्यावर काका उठले नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "प्रोफेसर, ती गाडी गरम करते ना सकाळी, दहा मिनिटं, ती मीच शिकवलेली आदत आहे. स्कूटर शिकवतानाच सांगितलं होतं. तिथं सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा इथं संध्याकाळचे सात. गाडी सुरू करून आत बसते आणि मला फोन लावते. गाडी गरम झाली की ठेवते."

"रविवारी बोलता ना तुम्ही," मी म्हणालो.

"रविवारी सगळे असतात. तेव्हा सगळं मस्त चाललंय म्हणते. गाडीत एकटी असते, तेव्हा खरं बोलते. तिची आई गेली, यायला जमलं नाही, तर महिनाभर त्या गाडीत बसून रडायची. मी फक्त ऐकायचो. आता तुम्ही म्हणता घरातूनच गरम होईल. मग ती गाडीत कशाला बसून राहील?"

उन्हाळ्यात हा माणूस इतका उदास का असतो, ते तेव्हा मला कळलं. उन्हाळ्यात तिथं गाडी गरम करावी लागत नाही. मी म्हटलं, मग तिला सांगून टाका ना हे सगळं सरळ.

"छे. सांगितलं तर फोन करील. पण मग म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून करील. तिला बोलायचं म्हणून नाही." त्यांनी मला शपथ घातली, की एक शब्द बोलायचा नाही. मी नाही बोललो. मंजिरीनं तेवढ्यात गाडीची खरेदी लांबणीवर टाकली. बाबांचा जीव अडकलाय तर हा एक हिवाळा जुनीच वापरू, असं तिनं मला मेसेजमध्ये लिहिलं. काका जिंकले होते. आठवडाभर ते शीळ घालत जिना उतरले.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांचा गीझर बघायला मी गेलो होतो. सात वाजता फोन आला. काकांनी गडबडीत उचलला तो स्पीकरवरच. आधी नुसता वारा ऐकू आला, मग मंजिरीचा आवाज. दात वाजत होते.

"बाबा, सुरूच होत नाहीये. रात्री प्लगची वायर निघाली होती वाटतं. वीस मिनिटं झाली, बोटं कळत नाहीयेत मला."

"आत जा!" काका ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "गाडी सोड, चाबी सोड, पहिले घरात जा. फोन नको ठेवू. चालत राहा."

दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ते उभेच होते. फोन मी धरला होता. मग मंजिरी हसल्यासारखं करून म्हणाली, "आले आत. ठीक आहे बाबा, काही नाही झालं."

"मंजू, ती इलेक्ट्रिकवाली घेऊन टाक. आजच बोल त्या लोकांशी."

"अहो, पण तुमचे सहा पानी मुद्दे?"

"ते गलत होते. माझ्या इथं प्रोफेसर बसलेत, त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. घरातूनच गरम होते म्हणे. तू कशाला बर्फात बसायचं?"

मी मान खाली घातली. गीझर मी कसा दुरुस्त केला, माझं मला माहीत.

फेब्रुवारीत नवी गाडी आली. निळी. काकांनी तिचा फोटो पोह्यांच्या दुकानात सगळ्यांना दाखवला, ई-रिक्षावाल्याला थांबवून दाखवला. "बर्फ में भी एकदम फर्स्ट क्लास," असं त्याला सांगितलं. फ्रीजरमधले सेल पुन्हा रिमोटमध्ये गेले.

नव्या गाडीच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो. मुद्दामच गेलो. काका खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर होता. टीव्ही लावलेला होता पण आवाज बंद होता. सात वाजले, सव्वासात झाले. आम्ही दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही. साडेसातला मेसेज आला. काकांनी चष्मा लावून तो मला मोठ्यानं वाचून दाखवला.

"पोहोचले बाबा. बसले तेव्हा गाडी गरमागरम होती. उगीच घाबरत होता तुम्ही."

"वेळेवर पोहोचली," ते म्हणाले. "चला, चांगलं झालं." चष्मा काढून त्यांनी मिटला, परत उघडला, परत मिटला.

"प्रोफेसर, उद्या सातला तुम्हाला काही काम आहे?"

मला पेपर तपासायचे होते, गठ्ठा पडला होता. मी म्हटलं, "नाही, मोकळाच आहे."

"मग दहा मिनिटं येऊन बसाल का? बोलायची काही गरज नाही."