गजभिये काकांची परवानगी

"हात वर!"

बालाघाटच्या त्या सरकारी कार्यालयात कुणाचाही कम्प्युटर 'परवानगी नाही' म्हणाला, की गजभिये काका येऊन पहिला हुकूम हा सोडायचे. बाबू असो की साहेब, पोलिसांनी धरल्यासारखे दोन्ही हात वर. मग काका चष्मा कपाळावर चढवून बोटं तपासायचे. "समोसा खाऊन पासवर्ड टाकला ना? मशीन झूठ नाही बोलत. मानूस बोलते."

या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी संघटनेची पत्रकं लिहिते, संशय घेणं हे माझं कामच आहे. बिरसा भागातल्या अकरा बायकांची नावं वनहक्काच्या यादीत आहेत की गाळलीत, हे कळायला हवं होतं. हरकतीची मुदत संपली की जमीन गेली. साहेबांच्या डिजिटल सहीची यादी हवी, आणि साहेबांच्या कम्प्युटरवर ती 'उघडत नाही' म्हणे! उघडत नाही, की उघडू देत नाहीत?

काकांनी कोपऱ्यातल्या पिवळट पडलेल्या डब्याकडे बोट दाखवलं. "तो आजा. साऱ्या फाइली त्याच्या पोटात. हे नवे कम्प्युटर त्याचे नातू. आजा बोलते मराठी, नातू हिंदी. अन् आजाच्या रजिस्टरात नाव असन त्यालेच दार उघडते."

"कोनाचं नाव हाय?"

"माहं."

"एकट्याचंच काहून?"

"तुले काहून सांगू? पत्रकात छापाले?"

म्हणजे सगळं कार्यालय काकांच्या नावानं आत जायचं! दर वेळी काकांना बोलवा, काका कळफलकावर गमछा पांघरणार, खाली बोटं चालवणार, वरून खोकणार. कळांचा आवाजही कुणी मोजू नये! पण काकांच्या नावानं उघडलेल्या यादीवर साहेबांची सही बसेना. "उद्या पाहू," म्हणत महिना गेला. मी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला होता: या कर्मचाऱ्याचं पद काय? नेमणूक कुणी केली?

हरकतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, उत्तर आलं. या नावाचा कोणीही कर्मचारी कार्यालयात कार्यरत नाही.

मी तो कागद भर कार्यालयात टेबलावर आपटला. "तुमी कोन हाय तरी?"

सगळे बाबू एकदम फाइलींत घुसले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"रिटायर होऊन तीन साल झाले, पोरी," काका म्हणाले.

"मंग रोज काहून येता?"

"बोलावतेत ना." चष्मा पुसत म्हणाले, "गावाले, भरवेलीच्या घरी कोनाचं काही अडकत नाही."

केवढं पत्रक निघालं असतं! मथळासुद्धा सुचला होता. पण तोंडातून निघालं, "काका, आज शेवटचा दिवस हाय. अकरा बाया बाहेर बसल्या."

काका आजासमोर जाऊन बसले. गमछा खांद्यावरच राहिला. रजिस्टरात साहेबांचं नाव घातलं. मग मोठ्या बाबूंचं. मग एकेकाचं, शिपायाचंही.

"साहेबाचं पुरे ना," मी घाईला आले होते.

"अन् सोमवारी दुसऱ्याचं अडकलं तं?"

प्रत्येकानं आपला पासवर्ड स्वतः टाकला. तेवढा वेळ काका भिंतीकडे तोंड करून उभे.

साहेबांनी आपल्या खुर्चीतून यादी उघडली, सही बसली. नऊ नावं होती. दोन गाळलेली. चार वाजायच्या आत दोघींच्या हरकती दाखल झाल्या, शिक्का घेतला, बाया बसस्टँडकडे पळाल्या.

सायकल स्टँडवर काका कुलपाशी उगाच खटपट करत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "तुमच्या संघटनेत कम्प्युटर हाय का?"

"हाय. एक."

"अडकते का?"

आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे, आणि त्याला पासवर्डसुद्धा नाही.

"हौ काका," मी म्हणाले. "रोज अडकते."

"किती वाजता येऊ?"